डाव्या बाजूचा टॉवर

टॉवर पुन्हा फाटला होता.

मी कमरेपर्यंत डिकीत शिरलो होतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हाताने पत्रा चाचपत होतो. बाहेर डॉक्टर नाबर उन्हाची छत्री टेकवून उभे होते.

"काय रे दिना, तुझा टाका सुटला वाटतं?"

"माझा टाका सुटत नाही, डॉक्टर."

"मग मागून खाड खाड वाजतंय ते काय, भजन?"

मला राग आला, पण डॉक्टरांवर रागवायची सोय नव्हती. मी बारा वर्षांचा असताना मला फुरसं चावलं होतं, तेव्हा याच गाडीच्या मागच्या सीटवर घालून त्यांनी मला कुडाळला नेलं होतं. त्या दिवशी त्यांनी गाडी कशी हाणली हे माझी आई मरेपर्यंत सांगायची. बहात्तर सालची ती गाडी आता माझ्याच गॅरेजात माझीच परीक्षा घेत होती.

मागच्या चाकाला खड्ड्यात बसणारा धक्का शॉकअप सोसतो, आणि त्या शॉकअपचं वरचं टोक डिकीतल्या पत्र्याच्या ज्या उंचवट्याला बोल्टाने आवळलेलं असतं, त्याला आम्ही गॅरेजवाले टॉवर म्हणतो. तो फाटला की आधी आवाज येतो. तसंच दामटत राहिलं तर एक दिवस शॉकअप पत्रा फोडून डिकीत डोकं वर काढतो, आणि तेव्हा गाडी कुठे जाईल ते सांगता येत नाही. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत जुन्या गाड्यांचे टॉवर कुजतातच. त्यामुळे मार्गशीर्षात डॉक्टरांचा डावा टॉवर पहिल्यांदा फाटला तेव्हा मला काही वाटलं नाही. गंजलेला भाग कापून काढला, नवा पत्रा घडवून बसवला, वेल्डिंगचे टाके मारले. संक्रांतीला गाडी परत आली. या वेळी मी ट्रकच्या जुन्या चासीतली तीन मिलिमीटरची प्लेट काढली, तिला भोकं पाडून आत बसवली, भोकाभोकातून टाके भरले. त्या कामावर ऐरावत उभा केला असता तरी चाललं असतं. आणि आता शिमगा संपून आठवडाही झाला नव्हता तर गाडी तिसऱ्यांदा दारात उभी होती.

तिठ्यावर माझं गॅरेज होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. वय चौतीस, तोंड फटकळ आणि हाताचा गर्व भारी. मेस्त्र्याच्या पोराचा टाका तीन महिन्यांत तीनदा सुटला, हे पाच वाड्यांत पसरायला वेळ लागला नसता. डॉक्टरांची गाडी त्या पाचही वाड्यांत फिरायची.

मी प्लेटवरचा काळा रंग खरवडला. माझ्या कामावर मी पंचने तीन टिंबं मारतो, ती खूण. तिन्ही टिंबं जागेवर होती. टाका एकूण एक शाबूत होता. पत्रा फाटला होता तो माझी प्लेट संपते तिथून बोटभर पलीकडे, कंपनीच्या कोऱ्या पत्र्यात.

"इकडे या, डॉक्टर," मी म्हटलं. "हात लावून बघा. टाका धरून आहे. फाटलाय तो शेजारचा पत्रा."

डॉक्टर वाकले, बोट फिरवलं आणि म्हणाले, "म्हणजे दुखणं तू बरं केलंस आणि ते शेजारी सरकलं."

"कोणीतरी खालून मारतंय. इतका मार साध्या खड्ड्यांचा नाही. तुम्ही कुठे आदळता का गाडी?"

"मी?" ते हसले. "चाळीस वर्षं चालवतोय. एकदा कोंबडी मेली, ती पण पावण्यांच्या रिक्षाखाली."

ते पायीच दवाखान्यात निघून गेले. मी चाक काढलं. टायरच्या बाहेरच्या गालावर लाल भुकटी घासून बसली होती आणि रिमच्या कडेत जांभ्या दगडाची एक कपची अडकली होती. कपचीच्या एका बाजूला हिरवं शेवाळ होतं. रस्त्यावरच्या दगडाला शेवाळ धरत नाही. हा दगड बरीच वर्षं एका जागी बसलेला होता.

मी कपची खिशात टाकली आणि सरळ डॉक्टरांच्या घरी गेलो.

शोधायला वेळ लागला नाही. फाटकाबाहेर, गाडी डावीकडे वळते तिथे, खांबाच्या बुडाशी जांभ्याचा एक मोठा चिरा अर्धा पुरून ठेवलेला होता. बैलगाडीचा आख खांबाला घासू नये म्हणून डॉक्टरांच्या आजोबांनी तो लावला होता. तशी आमच्याकडे पद्धतच होती. त्याची वरची कड चेचून गोल झाली होती आणि तिच्यावर टायरचा काळा पट्टा उमटला होता. माझ्या खिशातली कपची त्याच्या खाचेत बरोबर बसली. डॉक्टर बाहेर पडताना इतकं आत कापत होते, की मागचं डावं चाक रोज त्या चिऱ्यावर चढायचं आणि धाडकन खाली पडायचं. दिवसातून दोनदा-चारदा. ऐरावत काय, टॉवर कसा टिकणार?

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. माझा टाका निर्दोष सुटला होता.

नलूकाकी, डॉक्टरांची बायको, तुळशीपाशी वात करत बसल्या होत्या. मी त्यांना कपची दाखवली.

"काकी, हा चिरा मुळावर आलाय गाडीच्या. काढू का?"

"काढ बाबा. माझ्याही पायाला ठेचा लागतात." मग वातीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "यांचं वय झालं रे आता. हल्ली तर नवीनच सुरू झालंय. ताटात डावीकडे वाढलेली चटणी, कोशिंबीर तशीच राहते. भात-आमटी सगळं खातात. आणि वर मलाच विचारतात, चटणी का नाही वाढलीस? काल तर चिडून ताटावरून उठले."

"होतं असं वयात," मी म्हटलं. माझं अर्धं लक्ष चिऱ्याकडे होतं.

पण एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे, नाहीतर हे सांगण्यात अर्थ नाही. पहार आणायला मागच्या पडवीकडे जाताना माझ्या मनात एक प्रश्न आला होता. चिरा काही काल बसवलेला नव्हता. चोवीस वर्षं हीच गाडी, हेच फाटक, हेच डॉक्टर. मग चाक चिऱ्यावर चढायला मार्गशीर्ष का उजाडावा लागला? प्रश्न अगदी नीट, शब्दांसकट आला होता. मी पहार खांद्यावर टाकली आणि त्याला तिथेच सोडून दिलं. डॉक्टरांना जाऊन विचारायचं, की तुम्ही हल्ली गाडी नीट का चालवत नाही? मी कोण विचारणारा? आणि माझं काम तर झालंच होतं.

चिरा निघायला अर्धा तास लागला. तो मी ढकलत ढकलत परसात विहिरीपाशी नेऊन ठेवला, खड्डा मातीने बुजवला, धोपटून सपाट केला. मग गॅरेजात येऊन टॉवर तिसऱ्यांदा जोडला, प्लेट थेट चाकाच्या कमानीपर्यंत नेली. संध्याकाळी डॉक्टर गाडी घेऊन गेले. चिऱ्याबद्दल मी त्यांना काही बोललो नाही. काकींना माहीत होतं, तेवढं पुरे, असं स्वतःला सांगितलं.

आठवडाभर आवाज नाही. दोन आठवडे आवाज नाही. मी मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या फाटकावरून जायचो.

त्यातल्याच एका सकाळी फाटकाजवळ द्रुपदी कुबल दिसली. ती खाडीपलीकडून माशांची पाटी घेऊन यायची आणि वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या कुंपणाच्या दगडी गडग्याला टेकून बसायची. दवाखान्यात जाणारी-येणारी माणसं तिची गिऱ्हाइकं. पन्नाशीची, काटक, आवाज असा की तीन घरं पलीकडे बांगड्याचा भाव कळावा. आज ती नेहमीपेक्षा हातभर पुढे, सपाट केलेल्या जागी, ऐसपैस बसली होती. पाटी एका बाजूला, सुरी दुसऱ्या बाजूला, पाय लांब सोडलेले.

"दिनू, हयसरलो चिरो कोणी काढल्यान रे?" तिने विचारलं.

"कित्याक?"

"बरां केल्यान ज्याने केल्यान ता. माका बसाक जागा झाली. इतकी वर्सां त्या चिऱ्याच्या मागे आखडान बसा होतंय. देव त्याचा भला करो."

मी हसलो आणि पुढे गेलो. मीच काढला असं सांगायला काय हरकत होती? पण ऐकलं ते गोड लागलं होतं आणि ते मी तसंच खिशात घालून निघालो.

त्यानंतर चार दिवसांनी, साडेआठच्या सुमाराला, मी गॅरेजचं शटर वर करत होतो तेव्हा माणसं डॉक्टरांच्या घराकडे पळताना दिसली. मीही पळालो.

गाडी फाटकात तिरकी उभी होती, दार उघडं. रस्त्यावर बांगडे पसरले होते. द्रुपदी गडग्याला पाठ लावून बसली होती आणि तिचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्या दिशेला वळला होता. डॉक्टर तिच्यापुढे गुडघे टेकून बसले होते. त्यांचे हात शांत होते, आवाजही शांत होता. तोंड मात्र पांढरं पडलं होतं.

"दिना, दोन फळ्या आण. आणि काकीकडून जुनं लुगडं."

मी आणलं. त्यांनी पाय सरळ केला तेव्हा द्रुपदी जी ओरडली ते मला अजून ऐकू येतं. फळ्या बांधता बांधता डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "मला दिसलीच नाही. मला ती दिसलीच नाही."

भोवती गर्दी झाली होती. कोणी म्हणालं, बाई फाटकात बसते कशाला? कोणी म्हणालं, पाय तरी किती लांब पसरावे. डॉक्टरांना दोष द्यायला एकाची जीभ उचलली नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे द्रुपदीच दात आवळून म्हणाली, "माझीच चूक झाली. डॉक्टरांक कोणी काय बोलू नकात."

ती बसली होती ती जागा मी पहिल्यांदा नीट पाहिली. मी धोपटलेली माती तिच्याखाली होती. चाक ज्या वाटेने रोज चिऱ्यावर चढायचं, त्याच वाटेने ते तिच्या पायावरून गेलं होतं.

"किल्ली घे," डॉक्टर मला म्हणाले. "तू चालव."

कुडाळला तिला दाखल करून, पायाला प्लॅस्टर घातल्यावर आम्ही परत निघालो तेव्हा दुपार कलली होती. द्रुपदीचा मुलगा तिच्यापाशी थांबला होता. गाडीत आम्ही दोघंच. पिंगुळी गाव मागे पडेपर्यंत डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तिच्या पायापाशी वाकलो तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. आता लक्षात आलं. तिथला चिरा कुठे गेला?"

गाडी चालवत होतो म्हणून त्यांच्याकडे बघावं लागलं नाही. "मी काढला, डॉक्टर."

"का?"

"टॉवर त्याच्यामुळे फाटत होता. मागचं चाक त्याच्यावर चढायचं."

"कधीपासून?"

"मार्गशीर्षापासून."

"किती वेळा फाटला?"

"तीन."

"दर वेळी डावा?"

"डावाच."

ते पेशंटला विचारतात तसे विचारत होते, घाई न करता, एकेक. मी उत्तरं देत होतो आणि प्रत्येक उत्तराबरोबर मला कळत होतं, की हे सगळं मी पंधरा-वीस दिवसांपूर्वी त्यांना सांगू शकलो असतो.

"उजव्याला काही?"

"उजवा अजून पहिलाच आहे. कंपनीचा."

डॉक्टरांनी डॅशबोर्डवर हात टेकला. मग म्हणाले, "गाडी थांबव."

मी एका काजूखाली गाडी बाजूला घेतली. ते उतरले. "डिकीतून एखादा पाना आण. मोठा आण."

मी बावीसचा पाना आणला. त्यांनी मला हातभर अंतरावर, तोंडासमोर उभं केलं. "मी तुझ्या नाकाकडे बघणार. नजर हलवणार नाही. तू पाना माझ्या उजव्या अंगाने, अगदी बाहेरून, हळूहळू आत आण. दिसला की मी सांगतो."

मी हात लांब करून पाना धरला आणि अजून हलवलाही नव्हता, तोच ते म्हणाले, "दिसला. आता डावीकडून."

मी हात बदलला. पाना त्यांच्या डाव्या खांद्यापलीकडे धरला आणि आत आणू लागलो. ते माझ्या नाकाकडे बघत होते. पाना खांद्याच्या रेषेत आला. ते गप्प. कानाच्या रेषेत आला, गालापाशी आला. एक सायकलवाला थांबून आमच्याकडे बघायला लागला. कुठेतरी त्यांनी 'दिसला' म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात गावच्या सातेरीदेवीला हाक मारली.

पाना माझ्या स्वतःच्या नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, "दिसला."

मग त्यांनी एक डोळा झाकून तसंच करायला लावलं. मग दुसरा झाकून. दोन्ही वेळा तेच झालं.

"डोळे ठीक आहेत," ते म्हणाले आणि बोटाने डोक्याच्या मागच्या बाजूला टकटक केलं. "बिघाड इथे आहे. कधीतरी बारीकसा झटका येऊन गेला असणार. मला पत्ताही नाही. असं असलं की माणसाला अंधार दिसत नाही, दिना. काही नाहीच, असं वाटतं. सगळं जग पुरं आहे असंच वाटतं." मग म्हणाले, "तू म्हणालास ना, टाका धरून आहे, फाटलंय ते शेजारी. तसंच हे."

मी तेव्हा काकींचं ते चटणीचं बोलणं सांगितलं. आता लपवून काय उपयोग होता.

डॉक्टरांनी ते ऐकलं आणि गाडीच्या बॉनेटला हात टेकून उभे राहिले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे ती वाढत होती," ते म्हणाले. "तीन महिने मी तिला बोलतोय."

मला वाटलं होतं ते मला काही विचारणार नाहीत. पण गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलंच.

"चिरा काढताना तुझ्या मनात काही आलं नव्हतं?"

"आलं होतं."

"काय?"

"की इतकी वर्षं नाही आणि आताच का."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तुम्हाला कसं विचारणार, डॉक्टर?"

ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणजे मान पूर्ण वळवून. "अरे, मी तुला मुंबईच्या डॉक्टरसारखा परका दिसतो काय? तुझ्या आईच्या छातीतली गाठ मी तिला तोंडावर सांगितली होती. त्या दिवशी मला काय बरं वाटलं होतं?"

घरी पोचलो. ते सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मी ओसरीवर होतो, पण मला ऐकू आलं. "नलू, तू चटणी वाढत होतीस ना ग?" आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

गाडीची किल्ली त्या दिवसापासून डॉक्टरांनी हातात घेतली नाही. कोणाला सांगावं लागलं नाही. मंगळवार आणि शुक्रवार वाड्यांवर मी त्यांना घेऊन जायचो, बाकीचे दिवस पेशंट त्यांच्याकडे यायचे.

पंधरा दिवसांनी द्रुपदी घरी आली. डॉक्टर म्हणाले, "चल." मी गाडी काढली. होडीने खाडी ओलांडून तिच्या घरापुढच्या खळ्यात पोचलो तेव्हा शेजारच्या चार बायका तिथे जाळी विणत बसल्या होत्या. द्रुपदी खाटेवर होती, प्लॅस्टरचा पाय उशीवर. तिची सून खुर्ची आणायला धावली. डॉक्टर बसले नाहीत.

"द्रुपदी," ते म्हणाले, त्या बायकांना ऐकू जाईल असं. "तू वाटेत बसली नव्हतीस. मला डावीकडचं दिसत नाही. मला माहीत नव्हतं, पण दिसत नव्हतं. लोक तुला बोलतायत, ते चूक आहे. चूक माझी आहे. हे सगळ्यांसमोर सांगायला आलो."

बायकांचे हात थांबले. द्रुपदी लुगड्याचा पदर चाळवत बसली. मग म्हणाली, "दिसणा नाय तर तुमी तरी काय करतलास, डॉक्टरांनू?"

आता माझी पाळी होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं, आणि चाललं असतं हेच मला सहन होईना.

"द्रुपदीबाय, तो चिरो मी काढलंय."

"तू?"

"हां. गाडी त्याच्यावर चढा होती म्हणान. चढता कित्याक ता इचारूक नाय मी कोणाक."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मगे मी इचारलंय तेव्हा गप कित्याक रवलंस?"

मी खळ्यातल्या जाळ्याकडे बघायला लागलो.

"मेल्या, मी तुका आशीर्वाद दिलंय रे," ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. आम्ही निघायला वळलो तेव्हा तिचा आवाज आला, तसाच, भिंतीकडे तोंड करून. "तो चिरो खंय आसा?"

"डॉक्टरांच्या परसात. बावीकडे."

"हाड तो. होतो थंय ठेव. माका आता खाली बसाक जमाचा नाय. बसाक कायतरी व्हया."

दुसऱ्या दिवशी मी चिरा विहिरीपासून उचलून फाटकापर्यंत खांद्यावरून आणला. वाटेत दोघं मदतीला आले, त्यांना नको म्हटलं. या वेळी पुरला तो खांबाला लागून, उभा नाही, आडवा, बसता येईल असा. चेचलेली कड रस्त्याच्या बाजूला ठेवली. टायरचा काळा पट्टा अजून तिच्यावर होता.

गणपती झाल्यावर द्रुपदी आली. पाय वाकत नव्हता. ती चिऱ्यावर बसायची, पाय गडग्याला समांतर सरळ सोडायची आणि पाटी पुढ्यात घ्यायची. आवाज पूर्वीसारखाच होता. माझ्याशी मात्र ती बोलली नाही. मी मासे घ्यायला गेलो तर घडी केलेल्या पानात मासे ठेवून पाटीच्या कडेला सरकवायची, बस्स. मी हक्काने रागवावं असं माझ्याकडे काही नव्हतं.

डॉक्टर साडेआठला पायी दवाखान्यात निघायचे. फाटकात आले की थांबायचे, छत्री टेकवायचे, आणि मान खांद्यासकट पूर्ण डावीकडे वळवायचे. "आहेस का ग, द्रुपदी?" ती म्हणायची, "आसंय, डॉक्टर. जावा." मगच ते बाहेर पाऊल टाकायचे. हे नऊ वर्षं चाललं. ती दिसल्यावरही ते विचारायचे.

आता मी बासष्टचा आहे. अजूनही एखादी गाडी त्याच जागी दुसऱ्यांदा फाटून आली तर मी पाना हातात घेत नाही. आधी ती कुठे उभी राहते, कुठून निघते ते बघून येतो आणि मालकाला तोंडावर विचारतो. काही लोक चिडतात, दुसऱ्या गॅरेजला जातात. जाऊ देत.

डॉक्टर गेल्यावर काकींनी गाडी माझ्या हवाली केली. डावा टॉवर त्यानंतर कधीच फाटला नव्हता. दहावं-बारावं आटोपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती परसातून काढली आणि फाटकात आणली. साडेआठ वाजले होते. द्रुपदी चिऱ्यावर होती, बांगडे मांडत होती. मी गाडी थांबवली. डावीकडे मान वळवली, पूर्ण. ती मला चांगली दिसत होती, आणि मला विचारायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. गाडी तशीच घरघरत उभी राहिली.

तिने एक बांगडा उचलून दुसऱ्याच्या शेजारी नीट ठेवला. वर बघितलं नाही.

"आसंय," ती म्हणाली. "जा, दिनू."